डावं-उजवं

३ फेब्रुवारी

मावशी,

फोन केला की तू "हं, हं" म्हणतेस आणि तुला काही ऐकू आलेलं नसतं, हे आता मला कळून चुकलंय. मागच्या वेळी मी "ताप आला होता" म्हटलं, तर तू म्हणालीस, "मग त्याला जेवून जायला सांगायचं." तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की इथे सायकलींचं मोठं प्रदर्शन भरतंय. खरं तर व्यापाऱ्यांचं. कारखानदार माल मांडतात, दुकानदार येऊन पसंत करतात, आणि शेवटच्या दिवशी इतरांनाही आत सोडतात. आमच्या लॅबच्या डॉक्टरांकडे पास आला होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपल्याकडे सायकलवाली तूच एक." अकरा वर्षं मी रोज सकाळी सहा ते दहा घरोघर रक्ताचे नमुने घेत फिरते, बर्फाची पेटी कॅरिअरला बांधून, पण सायकलीसाठी मला कुणी बोलवावं असं पहिल्यांदाच झालं.

सायकल आईचीच. अजून धावते. फक्त सीट तिच्याच उंचीला बसलीय, त्यामुळे पायडल मारताना माझे गुडघे हँडलला विचारून खाली जातात. सायकल दुरुस्तीवाला म्हणतो, सीटची नळी गंजलीय, जोर लावला तर वर येईल. मीच त्याला हात लावू देत नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली, मावशी, आणि तिची उंची तेवढी त्या नळीत शिल्लक आहे.

पासाच्या मागे कंपन्यांची यादी आहे. त्यात तुझा कारखाना आहे! दुसरं दालन. एकतीस वर्षं तू जिथे सीट शिवल्यास, त्यांचा स्टॉल मी बघणार. काय बघून येऊ सांग.

तुझी
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

अक्षर बघून दचकू नकोस. शेजारच्या मास्तरीणबाईंचं आहे. माझी बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. आरी धरून धरून कातडं शिवणाऱ्या सगळ्यांचंच पुढे असं होतं, बाकी मी ठणठणीत. मी बोलते, बाई लिहितात. शुद्धलेखन सुधारतात ते ठीक, पण शिव्याही गाळतात. त्यामुळे मुकादमाबद्दल तुला निम्मंच कळेल.

काय बघायचं विचारतेस तर ऐक. लोक बिनकामाच्या माणसांना खोगीरभरती म्हणतात, आम्ही मात्र खरोखरच खोगीरभरती करायचो. आत काथ्या भरायचा, वरून कातडं ताणायचं, कड खाली दुमडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. कुणी कुठली सीट शिवली हे कळायला काही मार्ग नव्हता. नाव घालायला, खूण करायला सक्त बंदी. मुकादम प्रत्येक सीट हातात घेऊन बघायचा.

पण माझी खूण होती. टाके सगळे एकाच अंगाला कलतात. त्यातला डाव्या बाजूचा, मागून तिसरा, मी उलटा कलता घालायची. एकतीस वर्षं घातला. मुकादमाच्या बापालाही दिसला नाही. (बाई, हे गाळू नका.)

सोडून येताना माझ्या जागेवर बसलेल्या पोरीला तो टाका शिकवून आले. म्हटलं, मी चालले, हा तेवढा चालू ठेव. तिने मान हलवली होती. याला सहा वर्षं झाली. नंतर मी इकडे राहायला आले आणि तिकडचं काहीच कानावर आलं नाही.

तेवढं बघून ये. डावीकडे, मागून तिसरा. डोळ्यांना नाही दिसला तर बोट फिरव, बोटाला कळेल. आहे की नाही, एवढंच कळव. का विचारते म्हणून विचारू नकोस. वय झालं की माणूस असलं काहीतरी विचारत बसतं.

आणि सीट वर घे. गुडघे पोटाशी घेऊन तू किती दिवस सायकल हाकणार? तुझी आई नळीत नाही.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

जाऊन आले. आधी गंमत ऐक. सायकलींचं प्रदर्शन, आणि सायकल लावायला जागा नाही! मोटारींना तीन मैदानं होती. मी सायकल घेऊन फाटकाशी गेले तर रखवालदार म्हणाला, "बाई, माल मागच्या दाराने." त्याला वाटलं, मी मांडायला आणलीय. शेवटी कुंपणाच्या गजाला बांधली. आणखी कुणाचीच सायकल तिथे नव्हती.

पुढची गंमत त्याहून मोठी. दारात गळ्यात अडकवायची चिठ्ठी छापून देतात, त्यावर तुम्ही कोण ते लिहायचं. संगणकावरच्या माणसाने यादी वाचली: उत्पादक, विक्रेता, पत्रकार, शर्यतीतले खेळाडू. मी म्हटलं, यातली मी कुणीच नाही. तो म्हणाला, "मग आपण काय करता?" मी म्हटलं, "चालवते." "किती वर्षं?" "अकरा." "स्वतःच चालवता?" म्हटलं, "मग काय शेजारी चालवणार?" त्याने मान डोलावून चिठ्ठी काढून दिली. दहा पावलं पुढे जाऊन वाचली तर त्यावर छापलेलं, 'संचालिका'!

मग काय विचारतेस. जाईन तिथे खुर्ची, पाणी, "या मॅडम". एकाने एक सायकल माझ्यासमोर एका बोटावर उचलून दाखवली. मी विचारलं, "हिला कॅरिअर कुठे लागतं?" तो म्हणाला, "हिला कॅरिअर लागत नाही." "मग पेटी कुठे बांधायची?" "कसली पेटी?" "रक्ताची," मी म्हटलं. त्याने सायकल हळूच खाली ठेवली. दुसऱ्याने खास बायकांसाठी म्हणून जी दाखवली ती पुरुषांचीच होती, फक्त गुलाबी. मी म्हटलं, हिच्या साखळीवर झाकण नाही, कपडे अडकतील. तर तो माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाला, "साहेब, तुम्ही मॅडमना समजावा." त्या बिचाऱ्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता. तीन दालनं फिरले, मावशी, पण रोज कामावर जाणाऱ्या बाईची सायकल एकाही ठिकाणी नव्हती. झगझगीत दिव्यांखाली उभं राहून मला उगाचच माझ्या मडगार्डची लाज वाटली.

आता तुझं काम. तुझ्या कारखान्याचा स्टॉल मोठा आहे. सीट एका सायकलीवर बसवलेली होती. मी सायकलीच्या मागे उभी राहिले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून डावा हात खाली घातला. डावीकडे, मागून तिसरा. उलटा कललेला, अगदी तू सांगितलास तसा. त्या पोरीने चालू ठेवलाय, मावशी. तुझा टाका आहे.

जाण्याआधी आपल्या घरच्या सीटच्या कव्हरखाली हात घालून तिथेही डावीकडे बोट फिरवलं होतं. सगळे टाके सरळ. ती तुझ्या हातची नाही.

बोटांना शेक घेत जा. गोळी जेवणानंतर.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र बाईंनी माझ्या कानाशी तोंड आणून दोनदा वाचलं. संचालिकाबाईंना हसता हसता मला ठसका लागला. मग टाक्याचं आलं.

तू हात घातला नाहीस.

आम्ही सीट शिवायचो ती उताणी. पाठ खाली, पोट वर, टोक समोर. तशी धरली की शिवणाऱ्याचा डावा तो बसणाऱ्याचा उजवा. सायकलीवर बसवलेल्या सीटला माझा टाका उजवीकडे येणार. हे तुला लिहायचं राहिलं. राहिलं तरी कसं म्हणू, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. एकतीस वर्षांत मी सीट सरळ कधी बघितलीच नाही. मला ती उताणीच माहीत.

म्हणजे मी चूक सांगितलं आणि तू त्या चुकीला हो म्हणालीस. गणितात उत्तर चुकीचं छापलेलं असावं आणि मुलाने तेच उतरवून काढावं, असं झालं. (ही तुलना बाईंची, पण मला पटली.)

राग आलेला नाही. वाईट वाटलं. टाका नसेल तर नाही म्हणायचं. मला मुकादमाने फसवलं, कंपनीने फसवलं, ते आपलं चालायचंच. पण तू माझी कीव करून मला गोड बातमी भरवलीस. अगं, मी लहान मूल आहे का? आता तू खरं लिहिशील तरी मी कशावरून धरू?

काय बघितलंस ते सरळ लिही. मला माहीत असायला हवं.

मावशी


ता. क. वरचा मजकूर त्यांनी सांगितला तसा उतरवला आहे. हा मात्र माझा. त्यांची बोटं सुजलेली नाहीत. आजार पोटातला आहे आणि फार पुढे गेला आहे. येथील डॉक्टरांनी महिना धरू नका असे सांगितले. तुम्हाला कळवायचे नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. पण तुम्ही खोटे लिहू नये असे त्या सांगत असताना त्यांचेच खोटे माझ्या अक्षरात पाठवणे मला जमेना. लवकर या.
– शेजारची मास्तरीण


४ मार्च

मावशी,

शनिवारपासून रजा मिळाली. रविवारी दुपारपर्यंत पोचते. हे पत्र आधी पोचावं म्हणून लॅबच्या टपालातून पाठवते आहे. बाईंनी मला सगळं लिहिलंय, त्यांच्यावर रागावू नकोस. मी रोज सकाळी परक्या माणसांच्या शिरा शोधते, आणि माझ्या मावशीचं रक्त कुणी काढलं, तिला किती दुखलं, मला काहीच माहीत नाही. मी इथे गोळी जेवणानंतर घे म्हणून लिहीत बसले. लाज वाटते गं.

आता खरं.

स्टॉलवरच्या माणसाने गळ्यातली चिठ्ठी वाचून मला खुर्ची दिली. मी सीट हातात घेतली, फिरवून बघितली. टाकाच नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कुठेच नाही. म्हटलं, शिवण कुठाय? तो हसला. म्हणाला, "मॅडम, शिवण म्हणजे जुना जमाना. आता एकसंध साच्यातून निघते. बिनशिवणीची, हीच तर आमची जाहिरात." मी विचारलं, "आणि शिवणाऱ्या बायका?" तर म्हणाला, "चार वर्षांपूर्वीच तो विभाग बंद केला. कटकट गेली. तुम्हीही संचालिका आहात, बायकांचा विभाग चालवणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको."

त्या चिठ्ठीमुळे तो माझ्याशी मोकळेपणाने बोलला, मावशी. मी तुझी भाची हे कळलं असतं तर निदान गोड तरी बोलला असता.

मागच्या भिंतीवर जुन्या शिवणखान्याचा मोठा फोटो लावलाय. ओळीने बाकं, वर आऱ्या मांडून ठेवलेल्या, आणि एकही माणूस नाही. मी त्यात तुझी जागा शोधत उभी राहिले. मग बाहेर येऊन कुंपणाशी, सायकलीजवळ रडले. रखवालदाराने विचारलं, "बाई, माल खपला नाही का?"

घरी येऊन पत्र लिहायला घेतलं, तर "नाही" हा शब्दच लिहवेना. म्हणून लिहिलं ते. चुकलं. पुन्हा नाही.

आणखी एक. तुझं उताण्या सीटचं वाचलं आणि काल कामावरून आल्यावर सायकल अंगणात उलटी केली, हँडल आणि सीट जमिनीवर. मागे फतकल मारून बसले, टोक समोर, तुझ्यासारखी. जुनं प्लॅस्टिकचं कव्हर ओरबाडून काढलं आणि तुझ्या डावीकडे बोट फिरवलं.

मागून तिसरा उलटा कललाय.

अकरा वर्षं मी त्यावर बसतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मी तीन दालनं घातला. पण एक कळत नाही. तिसऱ्याच्या शेजारचा, चौथा, तोही उलटाच आहे. आधी वाटलं, बोट फसलं. मग आतला दिवा लावून, खिडकीचा पडदा सारून अंगणात उजेड केला, चष्मा लावून मोजलं. दोन आहेत. तू तर एकच म्हणाली होतीस. हात चुकला होता का तुझा? आणि आई नेहमी सांगायची की सायकल दुकानातून आली तशीच आहे, मग ही सीट तिच्याकडे आली कशी?

तू पुन्हा म्हणशील, कशावरून धरू. रविवारी सीट काढून सोबतच आणणार होते, पण ती नळीतून निघेना. तेव्हा आल्यावर माझा चेहरा बघ.

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस (त्यांनी दुसरे नाव कधी सांगितलेच नाही, म्हणून तेच लिहिते),

रविवारी तुम्ही आलात तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. घरात माणसांची ये-जा, तुम्ही त्यांच्या खाटेजवळून हलत नव्हता, आणि मी म्हातारी काही बोलू शकले नाही. हे तेव्हाच तुमच्या हातात द्यायला हवे होते. आज देते आहे, रागावू नका.

तुमचे पत्र गुरुवारी मिळाले. लगेच वाचून दाखवले. बिनशिवणीच्या सीटचे ऐकून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी थांबले, तर म्हणाल्या, वाचा. फोटोच्या ठिकाणी मात्र हसल्या. तुम्ही दोन टाके लिहिलेत तिथे त्यांनी माझे मनगट धरले आणि "किती?" असे विचारले. मी "दोन" म्हटले. पुन्हा विचारले. मी त्यांच्या हातावर दोन बोटे ठेवली. मग त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये थांबत होत्या. सांगितले तसे लिहिले आहे, एकही शब्द सुधारलेला नाही. शुक्रवारी त्या झोपूनच होत्या. शनिवारी सकाळी गेल्या. पत्र टाकायचे राहून गेले.

तुमची
मास्तरीणबाई


(सोबतचा कागद)

५ मार्च

भिंगरे,

हात चुकला नव्हता.

तुझी आई शिकलेली, हापिसात लागली. तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तेव्हा कुणीतरी विचारलं, तुझी ताई काय करते. ती म्हणाली, ताई खोगीरभरतीत आहे. सगळ्या हसल्या. ती सहज बोलली, पण मी ताटावरून उठले आणि दोन वर्षं तिच्याशी बोलले नाही. आता मीच तो विनोद करते. त्या वेळी जमलं नाही.

मग कळलं की ती सायकल घेतेय. त्या दुकानात आमचाच माल जायचा. मी तिच्यासाठी एक सीट शिवली. सगळ्यांत चांगलं कातडं घेतलं, काथ्या दाबून भरला. दुकानदाराला म्हटलं, तिच्या सायकलीला ही लाव, तिला सांगू नको. तिच्यात दोन टाके घातले. एक मी, एक ती. शेजारी शेजारी. एकतीस वर्षांत दोन टाक्यांची सीट तेवढी एकच.

तिला सांगितलं नाही. आधी अबोला होता म्हणून, नंतर अबोला सुटला म्हणून. मग ती गेली. दुसरा टाका मी कुणालाच सांगितला नव्हता, तुलाही नाही, त्या पोरीलाही नाही. तो तू मोजलास, म्हणजे आता तू खोटं बोलत नाहीस. चेहरा बघायची गरज नाही.

त्या पोरीचं वाईट वाटतं. तिने मान हलवली होती, ती खरीच हलवली असेल.

तो फोटो मला आठवतो. केस विस्कटलेले दिसतात म्हणून आम्हाला बाहेर उभं केलं होतं. मी काचेला नाक लावून बघत होते. डावीकडची खिडकी नीट बघितली असतीस तर दिसले असते. डावीकडची म्हणजे तुझ्या डावीकडची.

आता सीट वर घे. नळीत तेल सोड, एक दिवस मुरू दे, मग पिळून वर ओढ. दोन बोटं पुरे. तुझी आई टाक्यात बसलीय माझ्या शेजारी, नळी वर केलीस म्हणून ती कुठे जात नाही. गुडघे सांभाळ, तुला अजून पुष्कळ घरी जायचंय.

दम लागला. बाकी रविवारी आलीस की बोलू.

मावशी